मुलांना संगणक घेऊन देताना

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा प्रसंगी वक्त्याने ज्ञातीच्या पूर्वेतिहासाविषयी, ऐक्याविषयी किंवा लग्नकार्यातील अनाठायी खर्चाविषयी बोलावे, असा आजवरचा प्रघात आहे. ते विषय महत्त्वाचे खरेच; परंतु आज ते क्षणभर बाजूस ठेवून एका अगदी व्यावहारिक प्रश्नाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. मंडळाच्या शिक्षणसाहाय्य निधीकडे पूर्वी पुस्तकांसाठी, वसतिगृहाच्या खर्चासाठी आणि परीक्षेच्या शुल्कासाठी अर्ज येत असत. आता त्यांच्या जोडीला एक नवी मागणी येऊ लागली आहे. मुलाला अगर मुलीला मोबाईलवरील ॲप तयार करण्याची विद्या शिकावयाची आहे, त्यासाठी संगणक पाहिजे, अशी ती मागणी होय. अर्जात किंमत लिहिलेली असते ती बहुधा दुकानदाराने सांगितलेली. आणि तो आकडा वाचून अर्ज करणारा बापही धास्तावलेला असतो व निधीचे विश्वस्तही विचारात पडतात.

हा प्रश्न केवळ एका यंत्राच्या खरेदीचा नाही. ज्या वर्षी टोमॅटोचा भाव पडतो, त्या वर्षी आपल्या कुटुंबांत किती ओढाताण होते, हे येथे बसलेल्यांस सांगावयास नको. अशा वेळी दुभती म्हैस विकून किंवा सोने गहाण टाकून लाखाचे यंत्र घरात आणले आणि ते निष्कारण भारी ठरले, तर तो घाव वर्षानुवर्षे भरून येत नाही. उलट, पैसे वाचविण्यासाठी अगदीच दुबळे यंत्र घेतले आणि ते प्रत्येक पावलास अडू लागले, तर मुलाच्या मनात एक घातक समजूत घर करते : "हे काम आपल्याच्याने होणारे नाही." यंत्राचा दुबळेपणा तो स्वतःच्या बुद्धीचा दुबळेपणा मानू लागतो. पहिल्या चुकीत पैसा जातो, दुसऱ्या चुकीत उमेद जाते. आणि आमच्या मते दुसरी हानी अधिक मोठी आहे. म्हणून या दोहोंच्या मधला मार्ग कोणता, हे आज आपण मिळून पाहू.

प्रारंभीच एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. असल्या विद्या पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी आहेत, आपल्या डोंगराळ मुलखाचा त्यांच्याशी काय संबंध, असे म्हणणारे गृहस्थ अजूनही भेटतात. त्यांनी आपल्या शिवारातून एकदा डोळे उघडे ठेवून फिरावे. उपग्रहाच्या द्वारे परदेशांशी दळणवळण करणारे देशातील पहिले व्यापारी भूकेंद्र १९७१ साली सुरू झाले, ते नारायणगावाजवळच्या आर्वी येथे. आणि जगभरचे शास्त्रज्ञ ज्या महाकाय रेडिओ दुर्बिणीवर काम करावयास येतात, ती खोडदची दुर्बीण तर आपल्या जुन्नर तालुक्यातच उभी आहे. तेव्हा विज्ञान या भूमीस परके नाही. ते आपल्या बांधाशेजारी येऊन राहिले आहे. त्याची विचारपूस आपणच केली पाहिजे.

खोडदच्या दुर्बिणीचा उल्लेख आम्ही केवळ अभिमानापोटी केला नाही. आजच्या विषयाचा सगळा गाभा तिच्या बांधणीत आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण आहे. त्यांपैकी १४ तबकड्या खोडदच्या परिसरात असून उरलेल्या १६ तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत. एवढी मोठी तबकडी सर्वत्र भरीव पत्र्याची करावयाची म्हटले, तर खर्च आवाक्याबाहेर गेला असता. शिवाय वाऱ्याचा जोर सहन करण्यासाठी खालचा सांगाडाही अवजड करावा लागला असता. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ प्रश्न विचारला : आपल्याला पकडावयाच्या आहेत त्या लहरी केवढ्या लांबीच्या? त्या लांब लहरींना भरीव पत्रा लागतच नाही, बारीक तारांची जाळी पुरते. म्हणून त्यांनी पोलादी तारांच्या दोरखंडांवर बारीक तारांची जाळी ताणून तबकड्या केल्या. वारा जाळीतून निघून जातो, वजन कमी होते, खर्च कमी होतो, आणि कामात मात्र उणेपणा येत नाही. काम काय आहे ते आधी नीट समजून घ्यावे व मग त्या कामापुरतेच साधन उत्तम करावे, हीच खरी काटकसर. स्वस्त वस्तू घेणे आणि काटकसर करणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

आता आपल्या कामाकडे वळू. मोबाईलवरील ॲप तयार होते कसे? विद्यार्थी संगणकावर एका विशिष्ट भाषेत सूचना लिहितो. त्या सूचनांचे मोबाईलला समजेल अशा रूपात संगणक भाषांतर करतो आणि सर्व भाग एकत्र बांधून एक गठ्ठा तयार करतो. मग तो गठ्ठा मोबाईलवर चढवून पाहावा लागतो. चूक सापडली की पुन्हा लिहिणे, पुन्हा बांधणे, पुन्हा पाहणे. दिवसातून असे पन्नास वेळाही होते. म्हणजे संगणकाची खरी कसोटी लागते ती बांधणीच्या वेळी. एका बांधणीस अर्धे मिनिट लागले तर मुलाचे ध्यान टिकते. दहा मिनिटे लागली तर तो उठून जातो आणि विचारांचा धागा तुटतो.

या कामात संगणकाचे तीन भाग महत्त्वाचे ठरतात. ते आपण शेतकऱ्याच्या भाषेत समजून घेऊ. एक आहे कणगी, दुसरे खळे आणि तिसरी मळणी करणारी बैलजोडी. माल साठवून ठेवण्याची कणगी म्हणजे संगणकाची डिस्क. प्रत्यक्ष कामासाठी माल पसरावयाचे खळे म्हणजे रॅम नावाची स्मृती. आणि मळणी करणारी बैलजोडी म्हणजे प्रोसेसर. बैल कितीही दमदार असले, तरी खळे अंगणाएवढे नसून ताटाएवढे असेल, तर पेंढ्या सारख्या आत-बाहेर कराव्या लागतात आणि बैल नुसते उभे राहतात. ॲप तयार करणाऱ्याच्या संगणकात बहुतेक वेळा हेच घडते. खळे लहान पडते. आणि दुकानदार मात्र बैलांच्या शिंगांना लावलेला रंग दाखवीत असतो.

ॲण्ड्रॉइड फोनसाठी ॲप तयार करण्याचे मुख्य साधन ॲण्ड्रॉइड स्टुडिओ हे असून ते गूगलकडून विनामूल्य मिळते. त्याच्या निर्मात्यांनी रॅमची किमान मर्यादा ८ जीबी सांगितली आहे. आणि इम्युलेटर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर चालणारा नकली फोन, वापरावयाचा असेल तर १६ जीबी. या दोन आकड्यांतील अंतर ध्यानात ठेवावे, कारण त्यातच आपली मोठी बचत दडलेली आहे. नकली फोन संगणकाच्या खळ्यातील मोठी जागा अडवितो. परंतु ज्या घरात खरा ॲण्ड्रॉइड फोन आहे, तेथे नकली फोनाची गरज काय? फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन 'बिल्ड नंबर' या ओळीवर सात वेळा बोट टेकविले की विकासकांसाठीचे पर्याय उघडतात. त्यातील यूएसबी डिबगिंग चालू करून तार जोडली की तयार केलेले ॲप थेट त्या फोनवर उतरते. घरातील दोन-चार वर्षांचा जुना फोन यासाठी उत्तम. किंबहुना आपल्या गावातील माणसे ज्या साध्या फोनांवर ते ॲप वापरणार, त्याच प्रतीच्या फोनवर ते चालवून पाहणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे.

तेव्हा आमची पहिली सूचना अशी : १६ जीबी रॅम असलेला संगणक परवडत असेल तर तोच घ्यावा, ते न जमल्यास ८ जीबीचा घेऊन खऱ्या फोनवर चाचणी करावी, परंतु पुढे रॅम वाढविता येईल अशी रिकामी खाच त्यात आहे की नाही, हे घेण्यापूर्वी विचारावे. पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम मुख्य पट्टीवर कायमची डाखलेली असते; ती पुढे वाढत नाही. शिवाय २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर चढले आहेत. म्हणून "आज ८ घेऊ, उद्या स्वस्तात १६ करू" हा हिशेब पूर्वीइतका भरवशाचा राहिलेला नाही. ४ जीबीचा संगणक कितीही स्वस्त मिळाला, तरी या कामासाठी घेऊ नये.

दुसरी सूचना कणगीविषयी. डिस्क एसएसडी या प्रकारचीच असावी. जुन्या फिरत्या डिस्कवर ॲण्ड्रॉइड स्टुडिओ उघडतानाच मुलाच्या धीराची परीक्षा होते. २५६ जीबीत शिकणाऱ्याचे काम भागते. ५१२ असल्यास ऐसपैस होते. तिसरी सूचना प्रोसेसरविषयी. गेल्या पाच-सहा वर्षांतील इंटेल कोअर आय-फाइव्ह किंवा एएमडी रायझन-फाइव्ह या दर्जाचा प्रोसेसर शिकण्यास आणि प्रत्यक्ष धंदा करण्यासही पुरेसा आहे. अगदी खालच्या दर्जाचे सेलेरॉनसारखे प्रोसेसर मात्र टाळावेत. चौथी गोष्ट पडद्याची : १९२० गुणिले १०८० बिंदूंचा पडदा असल्यास एका बाजूस सूचना व दुसऱ्या बाजूस त्यांचा परिणाम सुखाने पाहता येतो आणि डोळ्यांना त्रास कमी होतो.

आता काय नको, तेही सांगू. कारण पैसे वाचतात ते तेथे. खेळांसाठी बनविलेले, रंगीबेरंगी दिव्यांचे लॅपटॉप स्वतंत्र ग्राफिक्स कार्डासह लाखाच्या पुढेही जातात. साधी ॲप तयार करण्यासाठी त्या ग्राफिक्स कार्डाचा उपयोग जवळजवळ होत नाही. त्यांचे वजन अधिक आणि बॅटरी लवकर उतरणारी. "सर्वांत भारी मशीन घ्या, पुढे पाहावयास नको," असे सांगणारा मनुष्य आपला हितचिंतक असेलच असे नाही. बोटाने चालणारा पडदा, वळणारी बिजागरी, अतिपातळ अंग ही सारी वैशिष्ट्ये चांगली असतील. परंतु ती भरीव पत्र्याप्रमाणे आहेत. आपल्याला जाळी हवी आहे.

किमतीचे स्थूल मान सांगावयाचे तर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी व मध्यम दर्जाचा प्रोसेसर असलेला नवा लॅपटॉप रॅमचे भाव चढण्यापूर्वी साधारणतः ५० ते ६० हजारांच्या घरात पडत असे. मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले व दुरुस्त करून पुन्हा विकले जाणारे लॅपटॉप तेव्हा २० ते ३० हजारांच्या आसपास मिळत. हे भाव रोज बदलणारे आहेत. म्हणून आकड्यांपेक्षा त्यांतील प्रमाण ध्यानात ठेवावे. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड किंवा एचपीचे एलिटबुक हे कचेऱ्यांसाठी बनविलेले प्रकार अंगाने मजबूत असतात आणि त्यांचे सुटे भाग मिळणे तुलनेने सोपे असते. साध्या नव्या लॅपटॉपपेक्षा असा जुना परंतु भक्कम लॅपटॉप कित्येकदा श्रेयस्कर ठरतो. जुना बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. तीच दक्षता येथे घ्यावी.

ती दक्षता कशी घ्यावी, ते क्रमाने सांगतो. पहिले, पक्की पावती व काही महिन्यांची तरी हमी घ्यावी. पावतीवर यंत्राचा क्रमांक असावा. चोरीचा माल घरात येऊ नये. दुसरे, बॅटरीची मूळ क्षमता किती होती व आज किती उरली आहे, याचा अहवाल विंडोजमध्ये काढता येतो. तो दुकानातच काढून पाहावा. तिसरे, यंत्र सुरू होताना जुन्या कंपनीचा संकेतशब्द किंवा नाव दिसते का, ते पाहावे. तसे कुलूप असल्यास ते यंत्र पुढे केव्हाही निरुपयोगी ठरू शकते. चौथे, प्रोसेसरमधील व्हर्च्युअलायझेशन ही सोय चालू होते का, ते पाहावे. तिच्यावाचून नकली फोन धडपणे चालत नाही. पाचवे, विंडोज-१० या प्रणालीस मिळणारे नियमित विनामूल्य साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज-११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील प्रोसेसर लागतो. म्हणून इंटेलचे जुने यंत्र घेताना 'आठवी पिढी किंवा पुढची' हे शब्द तोंडपाठ ठेवावेत. त्याहून जुने यंत्र घरात आधीच असेल, तर ते फेकू नये. त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली बसविता येते आणि ॲण्ड्रॉइड स्टुडिओ लिनक्सवरही चालतो.

टेबलावरचा संगणक घ्यावा की लॅपटॉप, हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. त्याच पैशांत टेबलावरचा संगणक अधिक जोमदार मिळतो व दुरुस्तीही सोपी पडते, हे सत्य आहे. परंतु आपल्या वाड्या-वस्त्यांवर वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. अर्धवट बांधणी चालू असता वीज गेली की काम वाया जाते. यूपीएसचा खर्च धरला, तर फरक पुष्कळसा भरून निघतो. लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा यूपीएस होय. शिवाय शिकणाऱ्या मुलास तो घोडेगाव, मंचर, जुन्नर किंवा नारायणगाव येथे बरोबर नेता येतो. म्हणून शिकणाऱ्यासाठी आमचा कौल लॅपटॉपला आहे. घरात बसून धंदा करणाऱ्याने मात्र टेबलावरच्या संगणकाचा विचार अवश्य करावा.

येथे मुलींचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते. आपल्या भागात उसाच्या कडेने जाणाऱ्या वाटांवर दिवस मावळला की बिबट्याचे भय असते. मुलगा संध्याकाळच्या वर्गास जातो, मुलीस घरी बसविले जाते. आणि मग "तिला आवड नाही" असे आपणच म्हणतो. घरात संगणक असेल, तर ती अडचण पुष्कळ अंशी दूर होते. म्हणून एका घरात मुलगा व मुलगी दोघेही शिकणारे असतील, तर संगणक त्या घराचा आहे, मुलाचा नव्हे, असे घरातील वडीलधाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगावे आणि वेळ वाटून द्यावा.

आयफोनच्या ॲपचे काय, असे कोणी विचारील. आयफोनसाठी ॲप बांधावयाचे एक्सकोड हे साधन केवळ ॲपलच्या मॅक संगणकावरच चालते; त्याला पळवाट नाही. शिवाय ॲपलच्या दुकानात ॲप ठेवण्यासाठी दरवर्षी ९९ डॉलर भरावे लागतात; गूगलच्या प्ले स्टोअरसाठी एकदाच २५ डॉलर. आपल्या देशातील बहुतांश फोन ॲण्ड्रॉइडचे आहेत. तेव्हा शिकण्याचा प्रारंभ ॲण्ड्रॉइडपासूनच करावा. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह यांसारखी साधने शिकल्यास एकदा लिहिलेल्या सूचनांतून दोन्ही प्रकारची ॲप तयार करता येतात. आयफोनची अखेरची बांधणी करण्यापुरता दूरस्थ मॅक भाड्यानेही मिळतो. पुढे खरोखरच कामे मिळू लागली आणि मॅक घेणे प्राप्त झाले, तर लॅपटॉपऐवजी मॅक मिनी हा छोटा संगणक पाहावा. २०२४ साली त्याचा नवा प्रकार १६ जीबी स्मृतीसह ५९,९०० रुपयांस बाजारात आला होता. परंतु आधी कमाई, मग मॅक, हा क्रम मोडू नये.

अगदीच हात आखडलेला असेल, तर काहीही न विकत घेता आरंभ करता येतो, ही गोष्ट आम्ही मुद्दाम शेवटी सांगतो. अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेचे ॲप इन्व्हेंटर नावाचे विनामूल्य साधन आहे. ते संगणकाच्या ब्राऊझरमध्ये चालते. त्यात सूचना लिहिण्याऐवजी ठोकळे जोडावयाचे असतात, आणि तयार होत असलेले ॲप त्याच क्षणी जवळच्या फोनवर पाहता येते. यासाठी शाळेतील साधा संगणकही पुरतो. मुलाने दोन-तीन महिने यावर चिकाटीने काम केले, दोन-तीन लहान ॲप पुरी केली, की मग खरेदीचा विचार करावा. यात दोन लाभ आहेत. मुलाची आवड खरी की क्षणिक, हे कळते. आणि बापाला पैसे देताना धाकधूक वाटत नाही.

खरेदीनंतरच्या खर्चाचाही विचार हवा. ॲण्ड्रॉइड स्टुडिओ व त्याची साहाय्यक साधने उतरवून घेण्यास कित्येक जीबी डेटा लागतो. तो मोबाईलच्या रोजच्या मर्यादेत बसत नाही. पहिली स्थापना चांगले ब्रॉडबँड असेल अशा ठिकाणी करून घ्यावी. एकदा हे झाले की पुढचे बरेचसे काम इंटरनेटशिवायही होते. कामाची प्रत दुसरीकडे ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. यंत्र बिघडले तर पुन्हा घेता येते, वर्षभराचे काम पुन्हा मिळत नाही.

आता मंडळाच्या कर्तव्याविषयी. प्ले स्टोअरवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या नव्या व्यक्तिगत खात्यांसाठी असा नियम आहे की, ॲप सर्वांसाठी प्रसिद्ध करण्यापूर्वी ते ठरावीक परीक्षकांकडून सलग १४ दिवस वापरवून घ्यावे. प्रथम २० परीक्षक लागत. २०२४ च्या डिसेंबरात ती संख्या १२ करण्यात आली. शहरातील मुलाच्या महाविद्यालयात असे १२ मित्र सहज मिळतात. वस्तीवर राहणाऱ्या मुलीने ते कोठून आणावेत? बंधुभगिनींनो, येथे ज्ञातिमंडळाचा उपयोग आहे. आपल्यापैकी १२ कुटुंबांनी आपल्या फोनवर तिचे ॲप घेऊन पंधरवडाभर वापरावयाचे, चुका दिसल्या तर सांगावयाच्या, एवढेच करावयाचे आहे. त्याला एक पैसाही लागत नाही. खाते उघडणारी व्यक्ती १८ वर्षांची पूर्ण असावी लागते, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे.

निधीच्या विनियोगाविषयी कार्यकारी मंडळात दोन मते आहेत, हे आम्ही जाणतो. एक मत असे की, गुणवंत विद्यार्थ्यास उत्तमातले उत्तम यंत्र द्यावे, म्हणजे मंडळाचा लौकिक वाढेल. दुसरे मत असे की, तितक्याच पैशांत तिघांना पुरेशी यंत्रे द्यावीत. आम्ही निःसंकोचपणे दुसऱ्या मताचे आहोत. लाखाचे एक यंत्र समारंभात हार घालून दिले, तर छायाचित्र छान येईल. परंतु भक्कम अशा जुन्या यंत्रांनी तीन घरांत दिवा लागेल. आमची सूचना अशी की, यंत्रे मंडळाच्या मालकीची ठेवावीत, दोन-तीन वर्षांच्या बोलीवर विद्यार्थ्यांस द्यावीत, कमाईस लागल्यावर त्यांनी ती परत करावीत किंवा माफक किंमत भरून स्वतःकडे ठेवावीत, आणि ती रक्कम पुढच्या मुलासाठी वापरावी. पूर्वी वसतिगृहांतून पुस्तकपेढ्या चालत. ही यंत्रपेढी तिचेच नवे रूप होईल. आणि ज्याला मंडळाकडून मिळणार नाही, त्याने सावकाराच्या दारी मात्र जाऊ नये. वर सांगितलेल्या विनामूल्य मार्गाने आरंभ करून एक हंगाम थांबावे.

मुलांनी काय तयार करावे, हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. तरीही एक इच्छा बोलून दाखवितो. नारायणगावच्या बाजारातील टोमॅटोचा आणि ओतूरच्या बाजारातील कांद्याचा भाव, डिंभ्याच्या कालव्याचे आवर्तन, पश्चिमेकडील डोंगरात हिरडा गोळा करणाऱ्यांचा हिशेब, बिबट्या दिसल्याची सूचना शेजारच्या वस्तीस तत्काळ देणे, अशी कितीतरी कामे आपल्या मुलखाची वाट पाहत आहेत. ही कामे दूरदेशी बसलेल्या मोठ्या कंपनीस सुचणार नाहीत, कारण तिला ही गरज ठाऊक नाही. ती आपल्या मुलांना ठाऊक आहे. आणि ती ॲप शुद्ध, सोप्या मराठीत असावीत. आजीबाईंनाही वाचता यावीत. संगणकाला आता देवनागरी परकी राहिलेली नाही. ती परकी राहिली असलीच तर आपल्याच संकोचामुळे.

पुढील पिढीच्या हाती नांगर द्यावा की लेखणी, हा प्रश्न आपल्या वाडवडिलांसमोर होता, आणि त्यांनी पोटाला चिमटा घेऊन लेखणी दिली. त्या काळी त्यांनी सोन्याची लेखणी दिली नाही. बोरूच दिला, पण तो नीट तासून दिला. आपणही आपल्या मुलांस तासलेला बोरू द्यावा, एवढीच आमची नम्र विनंती आहे. ज्या पालकांना यंत्र निवडताना शंका वाटेल, त्यांनी खरेदीपूर्वी मंडळातील जाणत्या तरुणांचा सल्ला निःसंकोच घ्यावा. त्या तरुणांनीही तो आपले ज्ञातिकर्तव्य समजून, दुकानदाराकडून कोणताही मोबदला न घेता द्यावा.